दुसरी खुर्ची

आमच्या धाकट्या जावेला वाकडं काही खपत नाही. कुणाच्या घरी गेली तरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करते आणि मगच बसते. एकदा मी तापाने फणफणले होते, तर ही औषधाची बाटली हातात धरून पलंगापाशी उभी. "ताई, हे बघा ना, 'दिवसातून तीनदा' केवढंसं छापलंय. आजारी माणसाला कसं दिसायचं हे?"

मी म्हटलं, "आधी पाज गं बाई, मग सुधार."

घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. लग्नाआधी चित्रकलेच्या शाळेत शिकली आणि नंतर कितीतरी वर्षं एका लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये नोकरी केली. साबणाच्या कागदावरचं बदक तिचं, खिळ्यांच्या पुड्यावरचा हत्ती तिचा, बूटपॉलिशच्या डबीवरची मांजरसुद्धा तिचीच. शहरात अशी न्हाणीघरं कमी असतील जिथे तिच्या हातचं काहीतरी ओलं होऊन पडलेलं नाही. पण यातल्या कशावर तिचं नाव नाही. लेबलावर नाव साबणवाल्याचं असतं आणि खाली बारीक अक्षरात प्रेसचं.

तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, कागदाच्या कंपनीत विक्रीला होते. बोलण्यात भावजींचा हात कुणी धरणार नाही. ती कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनीच ही कल्पना काढली. आपणच डिझाइनचा धंदा काढायचा. तोंड माझं, हात तुझा. भागीदारी म्हणजे भागीदारी. धाकटीने त्या शब्दावर नोकरी सोडली.

जागा घरातच होती. रस्त्याकडच्या खोलीत सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान असायचं. ते गेल्यापासून तिथे मोडक्या बादल्या आणि जुनी वर्तमानपत्रं राहत होती. आम्ही दोघी जावांनी मिळून ती खोली उपसली. आतून एक लांब टेबल निघालं आणि हात असलेल्या दोन वेताच्या खुर्च्या. एकीवर सासरे बसत, दुसरी गिऱ्हाइकाची. मागे पडद्याआड एक लाकडी स्टूल होतं. त्यावर सासूबाई बसायच्या, घड्याळांना किल्ल्या द्यायच्या, नखाएवढे स्क्रू चिमट्याने वेचून पुढे द्यायच्या. उभी हयात त्यात गेली आणि डोळेही त्यातच गेले असं त्या म्हणतात. दुकान रिकामं असतानाही त्या दुसऱ्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. सासरे म्हणायचे, "गिऱ्हाईक आलं तर?"

धाकटीने दोन्ही खुर्च्या घासूनपुसून टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर मांडल्या. "एक ह्यांची, एक माझी," म्हणाली. तिथेच तिला नाव सुचलं. दोन खुर्च्या. आणि लोगोही तोच, एका टेबलाला लागलेल्या दोन खुर्च्या, जाड रेघांत.

आमचे हे पेपराआडून म्हणाले, "लोकांना फर्निचरचं दुकान वाटेल."

भावजींच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांना गरुड हवा होता. पंख पसरलेला, नखं रोखलेला, आणि खाली 'गरुड डिझाइन'. कुठल्याशा जुन्या डायरीच्या पुठ्ठ्यावरून त्यांनी तो उचलला होता. "नावात दम पाहिजे," म्हणाले. "खुर्च्यांत कसला दम? खुर्च्यांत माणूस बसतो."

धाकटी म्हणाली, "दोन माणसं बसतात."

भांडण वाढलं असतं, पण भावजी गोड हसले. "आपण कशाला वाद घालायचा? आई आहे ना. तुझीच पद्धत. आईला जे दिसेल ते पास."

आता ही पद्धत काय ते सांगायला हवं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते तेव्हाची गोष्ट. त्या कोपऱ्यात बसून असायच्या, भांडी लवंडायची, मग स्वतःवरच चिडायच्या. त्या दिवसांत धाकटीने एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कागद वर धरला आणि विचारलं, "आई, इथून काय दिसतं?" सासूबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "कोंबडा." धाकटीने उडीच मारली. कोंबडाच होता. पुढे प्रत्येक लेबल त्या परीक्षेतून जाऊ लागलं. आईंना खोलीच्या टोकावरून जे ओळखू येतं ते धावत्या गाडीतल्या माणसालाही ओळखू येणार, असं तिचं म्हणणं. सासूबाई 'नाही दिसत' म्हणाल्या की पुरं झालेलं काम ती पुन्हा काढायची. म्हातारीला काम मिळालं, मान मिळाला. शेजारणींना त्या सांगायच्या, "माझ्यावाचून तिचं पान हलत नाही."

पुढे ऑपरेशन झालं, चष्मा आला. परीक्षा चालूच राहिली, फक्त चष्मा काढून ठेवायचा. सगळ्यांना गंमत वाटायची.

तर त्या रविवारी सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. धाकटीने दोन खुर्च्या वर धरल्या.

"काय दिसतं, आई?"

"खुर्ची."

"किती?"

"किती म्हणजे? एक."

"नीट बघा ना. दुसरी?"

"दुसरी कुठे आहे? असती तर दिसली असती."

भावजी हसले. आमचे हेसुद्धा पेपर हलवून हसले. मग भावजींनी गरुड धरला. सासूबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "गरुड. काय झेपावलाय! नखन् नख दिसतंय."

धाकटीने रेघा जाड केल्या. खुर्च्या लांब सरकवल्या. एक काळी, एक पांढरी केली. दर रविवारी नवा कागद आणि दर रविवारी तेच उत्तर, एकच खुर्ची. कधी त्यांना टेबल दिसायचं, कधी नुसता डाग. "हिच्या हातात एवढी कला असती," एकदा म्हणाल्या, "तर आधी स्वतःचं तोंड नीट काढून घेतलं असतं." धाकटीचे दात थोडे पुढे आहेत. भावजी त्यावरही हसले आणि वर तिच्याच पाठीवर थाप मारून म्हणाले, "अगं, चेष्टा आहे. तुझीच परीक्षा, तुझीच परीक्षक. आता रडायचं नाही."

मधल्या आठवड्यात सासूबाईंना डोळे तपासायला मी घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. चष्म्याशिवाय शेवटच्या ओळीपर्यंत म्हातारी घडाघडा वाचत गेली. डॉक्टर म्हणाले, "लांबचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, आजी. चष्मा फक्त वाचायला." परतताना त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर लोक काहीही बोलतात." मग रस्त्यातच थांबून म्हणाल्या, "बाईच्या खुर्चीचा बोर्ड लागला, तर नवरा काय तिथे झाडू मारतो असंच लोक म्हणणार ना? आधीच माझ्या लेकाचं मन खचलंय."

"आई, पण काम तर तीच करणार."

"मी नाही केलं काम?" एवढंच बोलल्या आणि रस्त्याकडे बघत चालू लागल्या. समोरून येणाऱ्या गाडीचा नंबरसुद्धा त्यांनी वाचला असेल.

स्वयंपाकघरात मी धाकटीला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. हात थांबला नाही.

"माहीत आहे मला, ताई. ऑपरेशन झाल्यावर लगेचच कळलं होतं. इथून तिथे माझ्या ओढणीवरचा धागा दिसला होता त्यांना."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी खेळ होता. त्यांना बरं वाटायचं, म्हटलं चालू दे. आता बोलले तर हे म्हणतील, आईला खोटं पाडतेस." तिने पेला उलटा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला. "ताई, आजवर काढलेल्या कशावर माझं नाव नाही. त्याचं वाईट नाही वाटलं कधी, ती नोकरी होती. पण घरच्या बोर्डावरही मी नसेन, तर मग मी आले कशाला इथे? गरुडाची चोच रंगवायला?"

भावजींना माहीत होतं की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईच्या पायाशी बसून गरुडाचा कागद तिच्या नाकासमोर धरून दाखवताना मी त्यांना पाहिलं होतं. "हा पंख बघ, आई. ही नखं." लहानपणी अशीच पाढ्यांची घोकंपट्टी करून घेत असतील सासूबाई त्यांच्याकडून.

शेवटी बोर्ड रंगवणारा पेंटर आला. संध्याकाळची वेळ, शिडी दाराला टेकवलेली. त्याला मापं आणि चित्र हवं होतं. साबणवालाही त्याच वेळी नव्या वेष्टनाचं बोलायला आलेला. तो धाकटीचं काम प्रेसच्या दिवसांपासून ओळखतो. भावजी म्हणाले, "बरं झालं, साक्षीदार आहेत. शेवटची परीक्षा. आज जे पास होईल ते बोर्डावर."

सासूबाईंना पलीकडच्या भिंतीशी बसवलं. चष्मा काढला. धाकटी आतून एक कागद उलटा धरून घेऊन आली. समोर उभी राहिली आणि कागद फिरवला.

खुर्च्या नव्हत्या. सासूबाई होत्या.

मोजक्या काळ्या रेघा, पण एकही रेघ दयेची नव्हती. कवळी काढल्यावर आत गेलेले ओठ, गळ्याची लोंबती कातडी, पिसं काढलेल्या कोंबडीसारखी मान. एक डोळा गच्च मिटलेला आणि दुसरा सताड उघडा, लखलखीत, सगळं बघणारा. म्हातारपणाची अशी चिरफाड मी कधी पाहिली नव्हती. आणि मिटलेल्या डोळ्यामुळे चित्रातली बाई लबाड दिसत होती. ओळखायला कुणालाच वेळ लागला नसता.

"काय दिसतं, आई?"

सासूबाईंचा हात मांडीवरच्या चष्म्यावर फिरत होता, तो थांबला. त्यांनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. कानशिलं लाल झाली. 'ही मी आहे' म्हणावं, तर मग इतके रविवार दुसरी खुर्ची कशी दिसली नाही, हा प्रश्न समोर उभा. 'नाही दिसत' म्हणावं, तर सगळ्यांदेखत हे गिळायचं.

"डाग," त्या म्हणाल्या.

"कसला डाग?"

"काळा."

"सावकाश बघा. घाई नाही."

"डाग म्हणजे डाग! किती वेळा विचारशील?"

पेंटर बाहेरचा माणूस. त्याने चित्राकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अहो, ही तर..." मग जीभ चावून तो शिडीकडे बघू लागला. पण साबणवाल्याला हसू आवरेना. पोट धरून हसला. "वहिनी, मला साबणावर अशीच म्हातारी द्या. बदक पुरे झालं. हिच्याकडे बघून माणूस जागीच थांबेल!"

सासूबाई भिंतीशी ताठ बसून ऐकत होत्या.

भावजींचा चेहरा आधी उतरला. आईकडे बघितलं त्यांनी. नजरानजर झाली असणार, कारण म्हातारीची नजर तिथवर चांगली पोचते. तिने डोळ्यांनी काही मागितलंही असेल. पण तेवढ्यात साबणवाला पुन्हा म्हणाला, "आजच ठरवू या," आणि भावजींच्या आतला विक्रीवाला जागा झाला. चित्र हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. मग हसू फुटलंच त्यांना. "च्यायला, भारी आहे हे. आई, तुला खरंच नाही दिसत?"

हा प्रश्न मुलाने विचारला. आई म्हणाली, "नाही रे."

"मग हेच लावू. गरुड राहू दे."

पेंटरने विचारलं, "नाव काय लिहायचं?"

पेपराआडून आमच्या ह्यांचा आवाज आला. घरच्या कुठल्या निर्णयात हा माणूस कधी तोंड घालत नाही. "आजीबाई," म्हणाले. सगळे पुन्हा हसले. थोरल्या लेकाचा हा शब्द म्हातारीला चित्रापेक्षा लागला, असं मला वाटतं.

"कुणाची आजीबाई?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणाची नाही, आई," धाकटी म्हणाली. "डाग आहे नुसता."

ती आत आली तेव्हा मी तिला दंडाला धरलं. "हे काय केलंस?"

तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. ओट्यावर ठेवलेला दुसरा कागद तिने मला दाखवला. त्यावर दोन खुर्च्या होत्या, इतक्या सुरेख की मला बसावंसं वाटलं. "ताई, 'ही मी' एवढंच म्हणाल्या असत्या ना, तर ते चित्र तिथेच फाडून हे दाखवणार होते. मला वाटलं होतं, स्वतःसाठी तरी म्हणतील." तिने कागदाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "नाही म्हणाल्या."

बोर्ड लागला. काळी म्हातारी, एक डोळा उघडा, खाली 'आजीबाई'. साबणाच्या वेष्टनावरही तीच आली. लोक खरोखर थांबायचे. काम येऊ लागलं. सासूबाई पुढच्या खोलीत फिरकेनाशा झाल्या. जेवायच्या, झोपायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी गरम दूध घेऊन गेले की म्हणायच्या, "ठेव तिथे. मला काही दिसत नाही." मलाही खरं वाटू लागलं होतं.

मग एक दिवस साबणवाल्याची बायको दुकानात आली. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, दारात दिसल्या. ती बाई ओरडलीच, "अय्या, ह्याच का त्या!" धावत जाऊन हात धरला, बोर्डाखाली नेऊन शेजारी उभी राहिली, फोटो काढला. "तुमच्यामुळे आमचा साबण किती खपतोय, आजी!" सासूबाई आधी आक्रसल्या. मग बघता बघता त्यांची मान वर आली. एक डोळा जरासा मिटला.

दुसऱ्या दिवशी केस चापूनचोपून विंचरून त्या पुढच्या खोलीत आल्या. टेबलापाशी थांबल्या. धाकटी खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर काम करत होती.

"उठ गं जरा," म्हणाल्या.

भावजी घाईने म्हणाले, "हो, हो, गिऱ्हाइकाला चेहरा दिसायला नको? तू आत बस ना. कॉम्प्युटरला नाहीतरी उजेड नकोच असतो."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. मग कॉम्प्युटर उचलून पडद्याआड नेला. तिथे स्टूल होतं.

मी म्हटलं, "भावजी, तिसरी खुर्ची आणा एक."

"वहिनी, जागा कुठे आहे?" दोन्ही हात पसरून त्यांनी खोली दाखवली.

आता सासूबाई रोज त्या वेताच्या खुर्चीत बसतात. पाठीमागे उशी लागते. परीक्षाही चालू आहे. धाकटी पडद्यापाशी उभी राहून कागद धरते आणि म्हातारी बिनचष्म्याची सांगते, "बाटलीची मान डावीकडे झुकलीय. शेवटचं अक्षर दाटलंय. बदल." आणि दर वेळी बरोबर असते. धाकटी मुकाट्याने बदलते. दोघींत याहून जास्त बोलणं नसतं.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. दुकानाची कार्डं, पिशव्या, पाकिटं संपली की नवी छापून येतात, आणि चित्र नव्याने पाठवायचं काम धाकटीचं. दर खेपेला त्यातल्या म्हातारीची एक सुरकुती वाढते. गाल किंचित आणखी बसतो. गिऱ्हाइकांना कळत नाही, भावजींना तर नाहीच नाही.

परवा नव्या कार्डांचा गठ्ठा आला. वरचं कार्ड मी सासूबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "छान आलंय की."

"चष्मा दे," त्या म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी कार्ड डोळ्यांशी नेलं. नखाने एकेक रेघ चाचपली, हनुवटीपाशी नख थांबलं. मग कार्ड मला परत दिलं आणि पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "तिला म्हणावं, हनुवटी चुकलीय. हल्ली याहून आत गेलीय माझी."

पडद्याआडून लगेच आवाज आला.

"पाहिलंय मी, आई. पुढच्या छपाईत घेते."